हाताने बांधलेल्या रॉडवरचे रोलर गाइड: बसवणं, सांभाळणं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोलर गाइड म्हणजे नेमकं काय?

मासेमारीच्या रॉडवर लाइन, म्हणजे गळाची दोरी, ज्या कड्यांमधून जाते त्या कड्या म्हणजे गाइड. साध्या गाइडमध्ये सिरॅमिकची रिंग असते आणि लाइन त्या रिंगवर घासत पुढे जाते. रोलर गाइडमध्ये रिंगच्या जागी छोटं चाक असतं. विहिरीवरच्या रहाटाची कप्पी आठवा, तत्त्व तेच. लाइन घासत नाही, चाकच तिच्याबरोबर फिरतं.

उघडून पाहिलं तर भाग मोजकेच निघतात. दोन पायांची फ्रेम, मधला रोलर, रोलरच्या पोटात बुश (पिन ज्यात बसते ती नळी) किंवा बॉल बेअरिंग, आरपार जाणारी पिन आणि ती धरून ठेवणारा बारीक स्क्रू. रीलजवळच्या पहिल्या गाइडला स्ट्रिपर म्हणतात. त्यात बहुतेक वेळा वर एक आणि खाली एक असे दोन रोलर असतात, म्हणजे रीलवरून लाइन वरच्या कोनातून आली काय किंवा खालच्या, ती फिरत्या चाकावरच टेकते. टोकाला बसतो तो टिप टॉप.

माझ्या रॉडला रोलर लावू का?

जड ट्रोलिंगसाठी (चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्यासाठी), ट्यूना आणि मार्लिनसारख्या लांब धावणाऱ्या माशांसाठी रॉड बांधत असाल तर जरूर लावा. साधारण १५ किलोच्या लाइन क्लासपासून (लाइन किती ओढीला तुटते, त्यावरून ठरणारी वर्गवारी) रोलरचा विचार करण्यात अर्थ आहे. २४, ३७ आणि ६० किलोच्या क्लासमध्ये त्यांचा उपयोग खऱ्या अर्थाने जाणवतो.

गळ फेकायचा रॉड असेल तर लावू नका. रोलर जड असतात, रॉडच्या टोकाची चपळाई मारतात आणि फेकताना सैल सुटलेली लाइन रोलरवर बसतच नाही, फ्रेमवर आपटत जाते. हलक्या ओढीला तर चाक फिरतही नाही, लाइन त्याच्यावरून सरकून जाते.

मधला मार्गही आहे. उभं राहून मासा खेळवायच्या आखूड रॉडवर बरेच जण स्ट्रिपर आणि टिप टॉप रोलरचे घेतात आणि मधली गाइडं रिंगची ठेवतात. वजन वाचतं, आणि जिथे लाइनला सगळ्यात तीव्र वळण मिळतं त्या टोकाला रोलर मिळतो. पहिल्यांदाच बांधणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

रोलरने घर्षण खरंच किती कमी होतं?

याचं उत्तर हिशेबाने देतो. स्थिर दांड्याला वळसा घालून जाणाऱ्या दोरावरचा ताण वळणाच्या एकूण कोनाप्रमाणे वाढत जातो. समजा लाइन आणि रिंग यांच्यातला घर्षणांक ०.१ आहे आणि रॉड इतका वाकलाय की लाइन एकूण ९० अंशांत वळते. तर माशाकडचा ताण रीलकडच्या ताणाच्या साधारण १.१७ पट होतो. रीलवर १२ किलोचा ड्रॅग (लाइन सुटताना तिला धरणारा रीलचा ब्रेक) लावला असेल तर मासा प्रत्यक्षात १४ किलोने ओढतोय. तुम्ही लाइन गुंडाळायला लागलात की हाच हिशेब उलटा होतो आणि तोच भार तुमच्या हातावर येतो.

आता उष्णता पाहा. मासा सेकंदाला ५ मीटर वेगाने पळतोय आणि घर्षणात २ किलोची ओढ खर्च होतेय, म्हणजे गाइडांमध्ये मिळून सुमारे १०० वॉट उष्णता तयार होतेय. तिचा मोठा वाटा टोकाजवळच्या दोन-तीन गाइडांवर पडतो, कारण वळण तिथेच जास्त असतं. नायलॉनच्या लाइनला ही उष्णता अजिबात मानवत नाही.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट अनेकांना पटत नाही. घर्षण एकूण कोनावर ठरतं, गाइडांच्या संख्येवर नाही. ‘घर्षण कमी व्हावं म्हणून गाइडं कमी लावली’ असं कुणी सांगितलं तर त्याने घर्षण कमी केलेलं नसतं, फक्त प्रत्येक गाइडवरचा भार वाढवलेला असतो.

आणि हे सगळे फायदे चाक फिरलं तरच आहेत. अडकलेला रोलर चांगल्या सिरॅमिक रिंगपेक्षा वाईट. रिंग निदान घासण्यासाठी बनवलेली असते, रोलरचा धातू तसा नसतो. पुढची सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहेत.

किती गाइडं लावायची आणि किती अंतरावर?

दीड-पावणेदोन मीटरच्या ट्रोलिंग रॉडला टिप टॉप सोडून पाच गाइडं ही सर्वसाधारण सुरुवात. टोकाकडे अंतर कमी, रीलकडे येताना वाढत जाणारं. टोकापासून पहिलं गाइड ११-१२ सेंटिमीटरवर धरा आणि पुढचं प्रत्येक अंतर थोडं थोडं वाढवत या. पण कागदावरच्या आकड्यांवर विसंबून गाइडांचे पाय रॉडला बांधणारा दोरा गुंडाळायला बसू नका.

गाइडं मास्किंग टेपने तात्पुरती चिकटवा, लाइन ओवा, रॉड घट्ट बांधून टोकाला खरा भार द्या. रॉड वाकला की बाजूने बघा. ट्रोलिंग रॉडवर गाइडं वरच्या अंगाला असतात, त्यामुळे दोन गाइडांमध्ये अंतर जास्त असेल तर लाइन ब्लँकला, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्याला, टेकते. टेकली की त्या जागी गाइडं जवळ आणा. लाइन ब्लँकच्या वळणाला धरून जात असेल, कुठल्याही एका गाइडवर टोकदार कोन करत नसेल, तर पेन्सिलने खुणा करा. या कामाला तासभर लागतो आणि तो तास मी कधीच वाचवत नाही.

स्पर्धेसाठी किंवा विक्रमासाठी रॉड बांधत असाल तर १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनचे नियम आधी बघा. रीलच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टोकाकडची लांबी किमान १०१.६ सेंटिमीटर हवी आणि मागचा दांडा ६८.५८ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. वाकडा दांडा असेल तर तो सरळ रेषेत मोजतात.

ब्लँकची स्पाइन शोधायलाच हवी का?

स्पाइन म्हणजे ब्लँकची सगळ्यात ताठ बाजू. शोधा, हरकत नाही. पण स्पाइन बरोबर धरली म्हणजे रॉड पिळणार नाही, हा समज सोडून द्या. गाइडं वर असली की भाराखाली रॉड उलटा फिरायला बघतोच, कारण ओढ ब्लँकच्या अक्षाच्या वरून लागते. ती ओढ तुम्ही हाताने, कमरपट्ट्याने किंवा रॉड होल्डरच्या खाचेने सांभाळता. मी स्वतः ब्लँकची सगळ्यात सरळ दिसणारी बाजू पाहून गाइडांची रेषा ठरवतो.

गाइडचे पाय घासावे लागतात का?

हो, आणि हे काम टाळलं तर ते दोऱ्यात दिसून येतं. पायाचं टोक जाड राहिलं तर दोरा ब्लँकवरून धातूवर चढताना तिथे फट पडते, दोऱ्यावर लावायच्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लेपात) बुडबुडा अडकतो आणि पुढे त्याच जागी तडा जातो. बारीक कानशीने पायाचं टोक वरून उतरतं करा, सुरीच्या पात्यासारखं नव्हे, पण दोरा न अडखळता चढेल इतकं. मग पाय उलटा करून खालच्या कडेवर बोट फिरवा. कानशीने निघालेली धातूची कूस तिथे असते. ती तशीच राहिली तर रॉड वाकेल तेव्हा ती ब्लँकच्या तंतूंमध्ये रुतेल. बारीक पॉलिश पेपरने काढून टाका. पाय ब्लँकवर ठेवून डोलत असेल तर तो हळूच वाकवून सपाट बसवा. इपॉक्सी भरून घेईल या भरवशावर राहू नका.

कानस चालवताना फ्रेम कापडात गुंडाळा. धातूचा चुरा बुशमध्ये गेला तर तो आतून कानसच होतो.

दोरा गुंडाळण्याआधी रोलर काढून ठेवावेत का?

काढाच. मी हे शिकलो ते एका रॉडची किंमत मोजून. सुरुवातीच्या दिवसांत ३७ किलोच्या क्लासचा एक रॉड बांधताना मी रोलर फ्रेममध्येच ठेवले होते. इपॉक्सी लावताना स्ट्रिपरच्या पायावरून केसाइतकी बारीक धार फ्रेमच्या आतल्या अंगाने चढली आणि खालच्या रोलरच्या कडेला थबकली. पारदर्शक असल्याने ती दिसलीच नाही. वरचा रोलर छान फिरत होता, म्हणून मी खालचा तपासलाच नाही. एका लांब झुंजीनंतर लाइन खरवडून, पांढुरकी होऊन परत आली तेव्हा भिंग घेऊन बसलो आणि ती काचेसारखी पापडी सापडली. रोलरवर तोवर सपाट घासलेला पट्टा पडला होता.

तेव्हापासून प्रत्येक गाइडचे सुटे भाग वेगळ्या छोट्या डबीत ठेवतो आणि डबीवर क्रमांक लिहितो. एका गाइडचा रोलर दुसऱ्यात घालू नका. एकाच जोडीतले असले तरी आकारात सूक्ष्म फरक असतो, आणि जुन्या गाइडांमध्ये तर पिन आणि बुश एकमेकांसाठी झिजलेले असतात. रिकाम्या फ्रेमच्या आतल्या बाजूला आणि स्क्रूच्या भोकांवर मास्किंग टेप लावा.

दोरा कोणता वापरू?

डी जाडीचा नायलॉन. खाली आधी एक थर गुंडाळून घ्या, त्यावर गाइड बसवा आणि मग वरचा थर. खालच्या थराने जड फ्रेम थेट ब्लँकवर बसत नाही. ३७ किलोच्या पुढच्या रॉडवर पायांवर दुहेरी थर द्या. ताण इतकाच की दोरा गुंडाळून झाल्यावर अंगठ्याने जोर दिला तर गाइड किंचित सरकावं.

गाइडं सरळ रेषेत कशी आणायची?

रिकाम्या फ्रेममधून नुसतं बघून भागत नाही. इपॉक्सीआधी रोलर तात्पुरते परत घाला, लाइन ओवून ताणा आणि रीलच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. प्रत्येक रोलरच्या मधोमध लाइन बसली पाहिजे. एखादी फ्रेम एक-दोन अंशांनी कललेली असली तरी लाइन रोलरच्या कडेवर चढते, तिथून फ्रेमला घासते आणि चाक एका अंगाला दाबलं जाऊन कुरकुरतं. रिंगच्या गाइडला एवढी चूक चालून जाते, रोलरला चालत नाही. समाधान झालं की रोलर पुन्हा काढा. दुहेरी काम आहे, पण इपॉक्सी सुकल्यावर कललेलं गाइड दुरुस्त करायला दोरा कापण्यावाचून दुसरा उपाय नाही.

इपॉक्सी चिकट राहिलं, काय चुकलं?

बहुतेक वेळा माप. दोन्ही भाग अगदी समान घ्यावे लागतात. वेगवेगळ्या सिरिंजने मोजा आणि त्या सिरिंज कायमच्या त्याच भागासाठी ठेवा. कपाच्या कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा. वरवर दुधाळ, मेणचट थर आला असेल तर हवेतली आर्द्रता कारणीभूत असते. थंड, दमट खोलीत हे काम करू नका.

रॉड आडवा ठेवून सतत सावकाश फिरवत राहा, नाहीतर थर खाली ओघळतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. पाय आणि फ्रेम मिळतात त्या कोपऱ्यात जास्तीचं इपॉक्सी साचतं. कोरड्या ब्रशने ते उचलून घ्या, कारण तिथूनच ते वर चढतं. दुसऱ्या दिवशी हात लावता येईल, पण मोठा भार द्यायला आठवडाभर थांबा.

टिप टॉप इपॉक्सीने चिकटवू का?

टिप टॉपसाठी उष्णतेने वितळणारा डिंक वापरा. टोकाला कधी ना कधी काही होतंच, तेव्हा तो गरम करून टिप टॉप काढता येतो. नळीचा आकार बऱ्याच ठिकाणी इंचाच्या ६४व्या भागांत देतात. १६ नंबर म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. ब्लँकचं टोक मोजूनच मागवा. नळी सैल असेल तर ब्लँकवर दोऱ्याचा एक थर देता येतो, पण घट्ट नळीसाठी ब्लँक तासू नका.

रोलर परत बसवताना स्क्रूला काय लावायचं?

आट्यांना थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा, अगदी बारीक ठिपका लावा. बारीक स्क्रूंसाठी असतो तो कमी ताकदीचा, जांभळा. लाल लावला तर पुढच्या वेळी स्क्रू निघण्याआधी त्याच्या डोक्याची खाच जाईल.

एक धोका लक्षात ठेवा. थ्रेडलॉकर हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतो. पिन आणि बुश यांच्यामधली जागा नेमकी तशीच असते. जास्तीचा थेंब आत झिरपला तर रोलर आतून चिकटतो. म्हणून ठिपका टाचणीच्या टोकाने, स्क्रूच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांवर द्या, बाटलीतून थेट नको. घट्ट करताना प्रत्येक पाव फेऱ्याला रोलर बोटाने फिरवून बघा. अडकतोय असं वाटलं तर स्क्रू किंचित मागे घ्या. रोलरला बाजूने केसाएवढी मोकळीक राहिली पाहिजे.

रोलर फिरतोय की नाही, हे कसं ओळखायचं?

बोटाने फिरवून फिरला, एवढ्यावर विसंबू नका. रिकामं चाक सहज फिरतं, भाराखाली तेच अडतं. प्रत्येक रोलरच्या कडेला मार्करने एक ठिपका द्या. रॉड घट्ट बांधा, रीलवर हलका ड्रॅग ठेवा आणि कुणाला तरी दोन-तीन किलोच्या ओढीने लाइन सावकाश खेचायला सांगा. तुम्ही ठिपक्यांकडे बघा. ज्याचा ठिपका जागचा हलत नाही किंवा झटके देत हलतो, तो रोलर उघडायचा.

बोटीवर इतका वेळ नसेल तर अंगठा ओला करा, रोलरवर जोरात दाबा आणि ओढा. चांगला रोलर अंगठ्याबरोबर येतो. खराब रोलरवरून अंगठा घसरतो.

समुद्रावरून आल्यावर काय करायचं?

गोड्या पाण्याच्या हलक्या शिडकाव्याने धुवा आणि धुताना रोलर बोटाने फिरवत राहा. पाइपचा जोरदार फवारा मारू नका. त्याने खार निघत नाही, उलट बुशच्या आत ढकलला जातो. मग मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवा. मीठ वाळून कडक होण्याआधी हे झालं पाहिजे, दुसऱ्या दिवशी धुणं म्हणजे अर्धं काम वाया. निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले असतात, तिथे खारं पाणी राहिलं की झीज लवकर सुरू होते. स्टीलच्या स्क्रूभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर ती त्याचीच खूण.

पूर्ण उघडून साफसफाई किती वेळा?

नियमित खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या रॉडसाठी हंगामात एकदा सगळी गाइडं उघडा, आणि टिप टॉप व स्ट्रिपर त्याहून जास्त वेळा. रॉड पाण्यात पडला असेल तर वेळापत्रक विसरा, घरी पोचल्यावर लगेच उघडा.

पसरट थाळीत पांढरं कापड अंथरून बसा. पांढऱ्यावर बारीक स्क्रू दिसतो आणि कापडामुळे उडत नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण भरेल असाच घ्या. स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका. तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, थ्रेडलॉकर सैल पडतो. तेवढ्या वेळात पायांवरच्या इपॉक्सीला आच लागू देऊ नका.

पिन आणि रोलर मऊ ब्रशने आणि थोड्या रॉकेलने साफ करा. पितळी भागावरचा हिरवट काट घासून काढा. रोलरचं भोक इयरबडने पुसा. बुश सच्छिद्र ब्राँझचा असेल तर तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नका. त्याच्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं, तेच निघून जातं. चुकून बुडवला असेल तर पूर्ण वाळवून कोमट हलक्या तेलात रात्रभर ठेवा.

तेल की ग्रीस?

बुश कोणता आहे त्यावर ठरतं. ब्राँझच्या बुशला हलक्या तेलाचा एकच थेंब. उघड्या बॉल बेअरिंगला रील ऑइल. सीलबंद बेअरिंगला आत काही घालायचं नाही, बाहेरून पुसायचं. प्लास्टिकच्या बुशना बहुधा कोरडंच ठेवतात, कारण तेलावर धूळ आणि मीठ चिकटतं. समुद्री ग्रीसचा पातळ हात पिनच्या बाहेरच्या भागाला द्या, थ्रेडलॉकर लावायच्या आट्यांपासून दूर.

गंज सोडवायचे स्प्रे पाणी हटवायला चांगले, पण वंगण म्हणून टिकत नाहीत आणि आतलं चांगलं तेल धुऊन काढतात. काम झाल्यावर रोलरवर लाइन बसते तो भाग कोरडा पुसून घ्या.

रोलरवर खाच पडली आहे. पॉलिश करून चालेल?

नखाला लागत नसेल इतकी बारीक रेघ असेल तर बारीक पॉलिश पेपरने चालून जाईल. नख अडत असेल तर रोलर बदला. आणि खाच का पडली हे शोधल्याशिवाय नवा घालू नका. एकाच जागी खाच म्हणजे रोलर फिरत नव्हता. पूर्ण गोलाकार खाच म्हणजे तो फिरत होता, पण लाइन त्याच्यासाठी फार कडक होती.

ब्रेडेड किंवा वायर लाइन चालते का?

ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन बारीक असते आणि सैल पडली की रोलर व फ्रेम यांच्यामधल्या फटीत शिरते. तिथे ती स्वतः तुटते किंवा रोलर जाम करते. ब्रेड वापरायची असेल तर ही फट अगदी कमी असलेलीच गाइडं घ्या. वायरसाठी कठीण केलेल्या स्टीलचे रोलर हवेत, मऊ रोलरला वायर दळून काढते. लांब लीडर (गळाजवळचा लाइनचा जाड तुकडा) गाइडांमधून रीलवर घेत असाल तर जोडाची जाडी सगळ्यांत लहान गाइडमधून आधी ओढून बघा.

टिप टॉपचाच रोलर वारंवार का बिघडतो?

बहुतेकदा स्विव्हलमुळे, म्हणजे लाइनला पीळ बसू न देणाऱ्या फिरत्या कडीमुळे. घाईत शेवटपर्यंत गुंडाळलं की धातूचं स्विव्हल रोलरवर आदळतं आणि कडेला टवका उडतो. तोच टवका पुढच्या वेळी लाइन कापतो. स्विव्हल टोकापासून हातभर अंतरावर आलं की थांबायची सवय लावा. गळही गाइडच्या फ्रेममध्ये अडकवून ठेवू नका.

एकच गाइड बदलायचं आहे. रॉड सगळा उघडावा लागेल?

नाही. ब्लेड पायाच्या धातूवर, दोऱ्याच्या लांबीला आडवं, सपाट धरून इपॉक्सी आणि दोरा खरवडत कापा. ब्लेड ब्लँकच्या दिशेने कधीच नाही. हेअर ड्रायरने कोमट करा, मग दोरा पट्टीसारखा सुटून येतो. खालचा थर शाबूत असेल तर तो राहू द्या. उरलेलं इपॉक्सी नखाने किंवा लाकडी काडीने काढा. नवं गाइड बसवण्याआधी ब्लँकवर उजेड तिरका पाडून बघा. दोऱ्याच्या दिशेने गेलेली रेघ दिसली आणि तिच्यात नख अडलं, तर त्या रॉडवर पूर्ण ड्रॅग लावू नका.